तीन बोटांचा ब्राऊन

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी इंडियाना राज्यातील एका खेड्यात मॉर्डिकाय ब्राऊनचा जन्म झाला. त्याच्या नावात ‘सेंटेनियल’ म्हणजे ‘शताब्दी’ हा शब्दही कौतुकाने घालण्यात आला. पण नशीब मात्र कौतुक करणारे नव्हते.

लहानपणीच वैरण कापायच्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला. तर्जनीचा बराचसा भाग गेला. जखम भरते न भरते तोच तो पडला आणि त्याच हाताची आणखी बोटे मोडली. मधले बोट कायमचे वाकडे झाले, करंगळीही अधू झाली.

अशा हाताने त्याने कोळशाच्या खाणीत काम केले. खाणकामगारांच्या बेसबॉल संघात तो क्षेत्ररक्षण करी. एकदा संघाला पिचरची अडचण पडली आणि चेंडू ब्राऊनकडे आला. पिचर हा क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा. मात्र तो टप्पा न पाडता चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. थोट्या आणि वाकड्या बोटांमधून सुटताना ब्राऊनच्या चेंडूला विलक्षण फिरकी मिळे. फलंदाजाजवळ येताच तो झपकन खाली जाई!

व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर तो पोहोचला १९०३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी तो शिकागो कब्ज संघात आला. १९०६ च्या हंगामात नऊ डावांमागे त्याने सरासरी अवघ्या १.०४ धावा दिल्या.

८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लीगच्या विजेतेपदाचा निर्णायक सामना होता. समोर ख्रिस्ती मॅथ्यूसनसारखा नामांकित पिचर. पहिल्याच डावात शिकागोचा पिचर अडखळला, तेव्हा ब्राऊनला बोलावण्यात आले. शिकागोने सामना ४-२ असा जिंकला आणि पुढे जागतिक मालिकाही. त्यानंतर तो मान शिकागो कब्जला थेट २०१६ मध्ये मिळाला.

४ सप्टेंबर १९१६ रोजी हे दोन जुने प्रतिस्पर्धी अखेरचे समोरासमोर आले. दोघांचाही तो शेवटचा सामना. ब्राऊन १०-८ असा हरला. पण दोघांनीही सामना शेवटपर्यंत सोडला नाही. ब्राऊनच्या नावावर एकूण २३९ विजय जमा झाले होते.

१९४८ मध्ये तो वारला. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला स्थान मिळाले ते १९४९ साली. तो मान पाहायला तो नव्हता. पण ज्या हाताची लहानपणी कीव केली जावी, त्याच हाताचा फलंदाजांनी धसका घेतलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता.