तुटफूट निधी

कुठल्याही कॉलेजचं देणगीसाठीचं माहितीपत्रक उघडून बघा. पहिल्या पानावर अजून न बांधलेल्या इमारतीचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं. काचेची भिंत, समोर हिरवळ आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन हसणारी चार गोरीगोमटी मुलं. दुसऱ्या पानावर दरपत्रक. सभागृहाला नाव द्यायचं असेल तर इतके लाख, प्रयोगशाळेला इतके, झाडाखालच्या बाकाला इतके. तिसऱ्या पानावर बँकेचा खाते क्रमांक. त्या इमारतीत एखाद्या सोमवारी दुपारी तीन वाजता नक्की कोण काय करत असेल, हे मात्र कुठल्याच पानावर नसतं.

मी डिझायनर आहे. बँकांच्या आणि विम्याच्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, यावर माझं पोट भरतं. कंपनी बंगळुरूची, पण काम नाशिकच्या घरातून. गेल्या वर्षी, मी जिथे शिकले त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळानं मला बोलावलं. ‘इनोव्हेशन सेंटर’ बांधायचं होतं आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते. सचिव म्हणाले, “मॅडम, तुमचं ते डिझाइन थिंकिंग वापरून ब्रोशर जरा इंटरनॅशनल करून द्या.” कॉलेजचं नाव सांगत नाही. तुम्ही जिथे शिकलात तिथेही फार वेगळं चित्र असेल असं वाटत नाही.

डिझाइन थिंकिंग या शब्दाची आपल्याकडे बरीच माती झाली आहे. एका दिवसाची कार्यशाळा, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. मूळ गोष्ट तशी साधी आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूलनं तिच्या पाच पायऱ्या जगभर पोचवल्या. ज्याच्यासाठी काम करायचं आहे त्याचं जगणं समजून घ्या. मग प्रश्न नेमका काय आहे ते ठरवा. मग भरपूर उपाय सुचू द्या. त्यातला एखादा स्वस्तात करून बघा. आणि तो खऱ्या माणसांच्या हातात देऊन तपासा. ही डी.स्कूल स्वतःच एका देणगीतून उभी राहिली. सॅप कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, हासो प्लाटनर, यांनी २००५ साली त्यासाठी साडेतीन कोटी डॉलर दिले. आपल्या कॉलेजांनी तिथली चाकांची टेबलं आणि पांढरे फळे आणले. पहिली पायरी तिकडेच राहिली.

म्हणून मी सचिवांना म्हटलं, ब्रोशरचं नंतर बघू. आधी मला पंधरा दिवस कॉलेजात नुसतं बसू द्या.

पहिल्याच दिवशी कळलं की कॉलेजात इनोव्हेशन लॅब आधीपासूनच आहे. तळमजल्यावर, वर्कशॉपच्या बाजूला. दाराला कुलूप. खिडकीतून थ्रीडी प्रिंटर दिसत होता, प्लास्टिकचं कव्हर घातलेला. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या सरांना गाठलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, माणूस सज्जन. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. “हे बघा. या खोलीतली प्रत्येक वस्तू माझ्या सहीवर आहे. मागे एक मीटर जळाला, तर दोन वर्षं ऑडिटला उत्तरं देत होतो. आता सांगा, किल्ली कशी देऊ?”

मी काही बोलू शकले नाही. त्यांच्या जागी मी असते तर कुलूप आणखी एक लावलं असतं.

मग मुलांशी बोलले. लॅब अधिकृतपणे संध्याकाळी साडेचार ते सहा उघडी असते असं वेळापत्रकात होतं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी रोज दिंडोरीच्या पलीकडच्या गावातून एसटीच्या पासवर ये-जा करते. तिची गाडी सव्वापाचला. ती सुटली तर पुढची अंधार पडल्यावर, आणि मग घरी प्रश्नोत्तरं. म्हणजे लॅब उघडली तरी ती तिच्यासाठी बंदच. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांची अडचण वेगळी होती. एक जण म्हणाला, “मॅडम, सर शेजारी उभे राहतात. हात लावायच्या आधीच सांगतात, जपून. मग काय करणार, यूट्यूबवर बघतो.”

पंधरा दिवसांनंतर माझ्या वहीत प्रश्न असा लिहिलेला होता: या कॉलेजात वस्तू आहेत, पण त्या मोडायची परवानगी कोणालाच नाही. ना मुलांना, ना सरांना. आणि मोडल्याशिवाय कोण शिकलंय? खर्चाच्या पत्रकात खरेदीला रकाना होता, उद्घाटनाला होता, अगदी हार-तुऱ्यांना होता. मोडतोडीला नव्हता.

हे फक्त आमच्याच कॉलेजाचं दुखणं नाही. देणाऱ्याला दिसणारी गोष्ट हवी असते. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितले, तेव्हापासून हा पैसा शिक्षणसंस्थांकडेही येतो. पण यंत्राला रिबीन बांधून फोटो काढता येतो. प्रिंटरच्या तुंबलेल्या नोझलला रिबीन बांधता येत नाही. त्या मानानं सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत शहाणपण होतं. शाळेला मिळणाऱ्या २० लाखांपैकी निम्मे उभारणीसाठी आणि निम्मे पाच वर्षं चालवण्यासाठी, अशी तिची मांडणी होती. चालवायलाही उभारण्याइतकाच पैसा लागतो, हे तिथे कागदावर तरी मान्य केलेलं होतं.

आता दुसरी बाजू, देणाऱ्यांची. डिझाइन थिंकिंगमध्ये ‘वापरणारा’ म्हणताना आपण मुलांचा विचार करतो. देणगीदारही वापरणाराच असतो. मी माझ्या आधीच्या आणि नंतरच्या बॅचच्या बारा-पंधरा जणांना फोन केले. पैसे मागितले नाहीत. एवढंच विचारलं, की यापूर्वी कॉलेजला काही दिलं होतं का, आणि नंतर काय झालं? पुण्यातला एक जण म्हणाला, “अकरा हजार दिले होते. पावती आली, टॅक्सला लावली. त्या पैशाचं काय झालं ते आजतागायत माहीत नाही.” अंबड एमआयडीसीत स्वतःचं छोटं मशीन शॉप चालवणारा एक सीनियर म्हणाला, “बाई, पाटीवर नाव नको. माझ्याकडे पोरं येतात त्यांना व्हर्निअर धरता येत नाही. त्याचं काही करता का?”

हे ऐकताना मला भाऊराव पाटील आठवत राहिले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढण्याच्या आगेमागे हा माणूस ओगले आणि किर्लोस्करांचा माल विकत गावोगाव फिरला होता. समोरच्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे विक्रेत्याला कळतं. ज्यांच्या घरात पैसा नव्हता त्यांच्याकडे त्यांनी पैसा मागितला नाही, मूठभर धान्य मागितलं. ते धान्य वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जात होतं, आणि देणाऱ्या बाईला ते माहीत होतं. लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. दुसरीकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, त्याला १९२० साली ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं. नाव लावण्यात काही वाईट नाही, विद्यापीठ आजही आहे. पण मोठ्या देणगीला नाव लागतं आणि मूठभर धान्याला जेवणारं पोर दिसतं. आमच्या ब्रोशरमध्ये नावं होती, पोर नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत मी एक पानाचा प्रस्ताव ठेवला. शीर्षक: तुटफूट निधी. माझ्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकी पाचशे रुपये मागायचे. तीन महिने लॅब दुपारच्या सुट्टीत, साडेबारा ते अडीच, उघडी ठेवायची, म्हणजे एसटीवाल्यांनाही येता येईल. जे मोडेल ते सात दिवसांत निधीतून भरून द्यायचं, सरांच्या रजिस्टरला ओरखडा नाही. आणि प्रत्येक मोडलेल्या वस्तूचा फोटो, दोन ओळींसह, पैसे देणाऱ्यांना पाठवायचा.

“नावच अशुभ आहे,” एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. “लोक उभारायला पैसे देतात हो. मोडायला कोण देणार?” मी म्हटलं, तीन महिन्यांत कळेल, आणि नाही जमलं तर तुमचा एक रुपयाही जाणार नाही. स्वस्तात करून बघण्याचा हाच फायदा असतो. वाद घालावा लागत नाही.

पैसे चार दिवसांत जमले. पहिल्या महिन्यात सात ड्रिल बिट, दोन आर्डुइनो बोर्ड आणि एक मल्टिमीटर गेलं. मुलांनी फोटोखाली लिहिलं, ‘प्लस-मायनस उलटं जोडलं. आता लाल वायर कायम डावीकडे.’ आखातात नोकरी करणाऱ्या एकानं त्यावर उत्तर दिलं, ‘आमच्या वेळी हे असतं तर मी पण काहीतरी जाळलं असतं,’ आणि आणखी हजार पाठवले. अंबडवाल्या सीनियरनं दर शनिवारी आपला एक सुपरवायझर पाठवायला सुरुवात केली. किल्लीवाले सर पहिले दोन आठवडे दारात खुर्ची टाकून बसायचे. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते आत होते, एका मुलाला सोल्डरिंग दाखवत.

दिंडोरीकडच्या त्या मुलीनं तीन बोर्ड जाळले. तिच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. पानं रात्री किती वेळ ओली राहतात यावर डावणीचा धोका ठरतो, म्हणून ती ओलावा मोजणारं यंत्र करत होती. वडील म्हणाले, “पान ओलं आहे का ते मी हात लावून सांगतो, मशीन कशाला?” तिनं विचारलं, “रात्री दोन वाजता?” चौथा बोर्ड आता बागेत आहे. अधूनमधून बंद पडतो, मग बाबाच फोन करून सांगतात.

नाशिकला हे नवं नाही. २००३च्या सिंहस्थात सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पुढच्या, २०१५च्या कुंभाआधी, नाशिकमध्ये वाढलेले एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकारातून इथे ‘कुंभथॉन’ची शिबिरं झाली. गर्दीच मोजता येत नाही, हा प्रश्न या शहराचाच होता. निलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आणि त्याच्या सोबत्यांनी त्यावर ‘अशिओटो’ ही चटई केली. तिच्यावरून जाणारी पावलं मोजली जातात आणि आकडा लगेच पोचतो. जपानीत अशिओटो म्हणजे पावलांचा आवाज. पुढे टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअरही नाशिकमध्येच उभं राहिलं. म्हणजे इथे आधी चेंगराचेंगरीचा प्रश्न होता, मग चटई, आणि जागा त्यानंतर. आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे.

सगळं गोड झालं असं समजू नका. मंडळाला इमारत हवीच आहे, आणि तिच्यासाठी एक मोठा देणगीदार भेटण्याच्या बेतात आहे. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतील. नव्या माणसाच्या सहीवर रजिस्टर आलं की कुलूप परत लागू शकतं. निधीचा हिशेब एका वहीत आहे आणि ती वही माझ्याकडे आहे, हेही काही धड नाही. पाचशे रुपयांवर कॉलेज चालत नाही, हे मलाही कळतं.

पण मागच्या बैठकीत इमारतीचं नवं अंदाजपत्रक फिरलं. सिमेंट, काच, लिफ्ट, नामफलक यांच्या खाली शेवटची ओळ होती: ‘मोडतोड (वार्षिक)’. ती कोणी टाकली ते सचिवांनी सांगितलं नाही. समोरचा रकमेचा रकाना रिकामा होता. अशुभ म्हणणाऱ्या त्याच सदस्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा जवळ धरला आणि विचारलं, “इथे किती लिहायचं?”