मालकाची गाडी

'ग्रॅन टुरिस्मो 7' कसा आहे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी चालू असेपर्यंत हा गेम प्रामाणिक असतो. गाडी थांबून हिशेब सुरू झाला की त्याचा सूर बदलतो. घ्यायच्या विचारात असाल तर दोन्ही बाजू ऐका.

ही मालिका प्लेस्टेशनवर 1997 पासून चालू आहे. ती बनवते जपानची पॉलिफनी डिजिटल, आणि तिचे कर्तेधर्ते काझुनोरी यामाउची. सातवा गेम 4 मार्च 2022 ला आला, पीएस-4 आणि पीएस-5 दोन्हींवर. मी घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत राहते. आमच्या खोलीत पलंग आणि टीव्हीच्या मध्ये स्टिअरिंग व्हील मांडायला जागा नाही. त्यामुळे सेकंडहँड पीएस-4 आणि साधा कंट्रोलर. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

बरेच रेसिंग गेम पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या हातात एखादी सुपरकार देतात. हा देत नाही. हा तुम्हाला जुन्या गाड्यांच्या दुकानात पाठवतो आणि टोयोटा अ‍ॅक्वा, माझदा डेमिओ, होंडा फिट यांतली एक निवडायला लावतो. फिट म्हणजे आपल्याकडची जॅझ. मी तीच घेतली, कारण मागून पप्पा ओरडले, "अगं, ही तर भाभींची गाडी!"

पप्पा अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते, गारोडियानगरच्या एका कुटुंबाकडे. शेठची इनोव्हा, सुनेची जॅझ. स्वतःची गाडी कधीच नव्हती. मग शुगरमुळे डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून ते घरी असतात.

गेममध्ये गाडी घेतली की लायसन्स काढावं लागतं. पाच पातळ्या, प्रत्येकी दहा परीक्षा. सुरुवातीला गाडी पळवून ठरलेल्या पट्ट्यात थांबवायची असते. सोपं वाटतं. मग हळूहळू कळतं की ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि अशा वेळी झटक्यात वळवलं की गाडीचं बूड बाहेर जातं. म्हणून ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत जोरात दाबायचा आणि वळता वळता हळूहळू सोडायचा. एका परीक्षेत मला ब्राँझच्या वर काही मिळेना. पप्पा थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ब्रेक दाबता येतो तुला. सोडता येत नाही."

शेठ मागच्या सीटवर चहा पीत असत. गाडी थांबायच्या शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल केला की कप डचमळत नाही. पप्पांचं हे रोजचं काम होतं. तेच मी वळणावर करून बघितलं आणि गोल्ड मिळालं. गाडीबाबत हा गेम खोटं बोलत नाही, असं मी म्हणते ते यामुळे. पंतनगरच्या सिग्नलवर कमावलेलं ज्ञान इथे जसंच्या तसं चालतं. पाऊसही तसाच खरा. ट्रॅकवर पाणी साचतं, गाड्या जिथून जातात तो पट्टा आधी सुकतो, त्या पट्ट्याबाहेर चाक गेलं की पकड सुटते.

आता उणिवा. एकट्याने खेळायच्या बहुतेक शर्यतींत तुम्ही सगळ्यांच्या मागे, पहिला गडी पार पुढे. एकेकाला मागे टाकत जायचं. झुंज म्हणावी अशी फार कमी. 2023 मध्ये 'सोफी' नावाचा एआय ड्रायव्हर आणला, तो खरंच लढतो, पण तो पीएस-5 वाल्यांसाठी. 25 जुलै 2024 च्या अपडेटनंतर तर काही गाड्या चेंडूसारख्या उसळून आकाशात जायला लागल्या. काही दिवसांत ते दुरुस्त झालं. ते व्हिडिओ बघून पप्पा म्हणाले, "एलबीएस मार्गाचे खड्डे घातले असतील."

त्यांची खरी तक्रार वेगळी आहे. टोकियो एक्सप्रेसवेवर स्पर्धकांखेरीज एकही वाहन नसतं. "रस्त्यावर माणूसच नाही, मग ड्रायव्हिंग कसलं?" छेडानगरच्या जंक्शनला समोरचा रिक्षावाला आता काय करेल हे ओळखणं, त्यांच्या लेखी अर्धं काम हेच. ते या गेममध्ये नाही.

मग पैसे. 2022 मध्ये गेम आला तेव्हा मॅक्लारेन एफ-1 हवी असेल तर 1 कोटी 85 लाख क्रेडिट लागत. शर्यती खेळून जमवा, नाहीतर खरे पैसे देऊन क्रेडिट विकत घ्या. मार्च 2022 मध्ये एका अपडेटने शर्यतींची बक्षिसं कमी केली आणि त्याच सुमारास सर्व्हर तीसहून जास्त तास बंद पडला. जगभर बोंबाबोंब झाली, यामाउचींनी माफी मागितली, खेळाडूंना 10 लाख क्रेडिट दिले आणि पुढे बक्षिसं वाढवली. पण त्या दिवसांत एक गोष्ट उघडी पडली. सर्व्हर बंद म्हणजे गेम बंद. इंटरनेट नसेल तर गराज उघडत नाही, करिअर पुढे सरकत नाही. थोड्याफार साध्या गोष्टी तेवढ्या हाताशी उरतात.

आमच्या गल्लीत पावसाळ्यात वायर तुटली की दोन दोन दिवस नेट नसतं. अशाच एका संध्याकाळी मी पप्पांना हे समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे डिस्क आपली, मशीन आपलं, लाइटबिल आपलं. आणि चावी त्यांच्याकडे?"

"हो."

"मग ही पण मालकाचीच गाडी."

चिडून नाही म्हणाले. रोज रात्री शेठच्या दारामागच्या खिळ्याला चावी अडकवून चालत स्टेशन गाठायचं, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. त्यांना या व्यवहारात नवीन काही दिसलं नाही. मला मात्र दिसलं, कारण मी ही गाडी विकत घेतली असं समजत होते.

ही भीती उगाच नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा 2014 चा रेसिंग गेम. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. उलट, याच मालिकेतल्या 'जीटी स्पोर्ट'ची ऑनलाइन सेवा 31 जानेवारी 2024 ला बंद झाली, तेव्हा आधी अपडेट देऊन एकट्याने खेळायचा भाग नेटशिवाय चालेल अशी सोय केली. म्हणजे मनात असलं की जमतं.

पप्पा शर्यत लावत नाहीत. टाइम ट्रायल लावतात, त्सुकुबाच्या दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर, तीच जॅझ घेऊन. टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसतात. स्पीड साठच्या आसपास. वळण आलं की ब्रेक दाबतात, हळूच सोडतात. आता त्यांना गाडी चालवायची ही एवढीच जागा उरली आहे, आणि ती कुठल्यातरी सर्व्हरवर आहे.

सेलमध्ये मिळाला तर हा गेम जरूर घ्या. चालवण्याचा असा अनुभव फार कमी गेम देतात. फक्त गेम बंद करायची वेळ येईल तेव्हा कंपनीने 'जीटी स्पोर्ट'सारखी चावी मागे ठेवून जावी, हे आपण आतापासूनच मागायला हवं. भटवाडीत एक माणूस रोज संध्याकाळी सात वाजता गाडी काढतो.