आजीचा खिळा

आजी न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. वय ८२. "या वयात चिरफाड कशाला? पडून राहू दे," असे घरात सर्वांचेच मत पडले, मीही मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "म्हातारं माणूस मोडक्या हाडापेक्षा अंथरुणाला खिळल्यानं लवकर जातं. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो."

तेवढ्यात खाटेवरून आजी बोलली, "अरे, पाय माझा ना? मग मला कुणी विचाराल की नाही?"

शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब खिळा आणि त्यातून खुब्याच्या गोळ्यात आडवा स्क्रू! १९३९ साली जर्मनीतील कील येथे गेरहार्ड क्युन्चर या शल्यविशारदाने मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा बसवला. त्याच वाटेने पुढे ही शस्त्रक्रिया आली.

दुसऱ्याच दिवशी आजी वॉकर धरून उभी राहिली. आज थोडी लंगडते, पण देवळापर्यंत जाते. आमच्या त्या 'पडून राहू दे'ची आठवण ती कधीच काढत नाही. खिळा तिच्या पायात आहे. टोचतो मात्र मला.