ताट्या

होळी जळाली, थंडी पळाली, असं सगळेच म्हणतात. नागपुरात त्याच्या पाठोपाठ कूलर उतरतात. माळ्यावरून, जिन्याखालून, गच्चीच्या कोपऱ्यातून ते पत्र्याचे पेटारे निघतात, अंगणात धुतले जातात आणि रस्त्याच्या कडेला ताट्या भरून देणारे बसू लागतात. मार्चच्या मध्यात त्यांच्याकडे निवांतपणा असतो. एप्रिल लागला की भाव चढतो आणि माणूस दोन-दोन दिवस मिळत नाही. म्हणून आमच्या घरी ताट्या मार्चमध्येच भरल्या जातात, मग पंखा लागत असो वा नसो.

माझ्या आठवणीतली पहिली ताटी मात्र कूलरची नव्हे, दाराची. महालातल्या आमच्या वाड्यात ओसरीच्या दारांना आणि पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याच्या ताट्या लागत. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात दाबून बसवलेली वाळ्याची मुळं आणि वरून सुतळीचे घट्ट वेढे. वर्षभरात मुळं काळपट, ठिसूळ होत. आजोबा जुनी उकलून टाकत आणि इतवारीतून नवी जुडी आणत. विकत घेण्याआधी ते ती कोरडीच नाकाशी धरत. चांगल्या वाळ्याला पाणी न लागताही ओल्या मातीचा वास असतो. नुसता गवताचा वास आला की ते जुडी खाली ठेवून पुढच्या दुकानाकडे वळत. दुपारी बारानंतर ताट्यांवर पाणी घालायचं काम आम्हा मुलांचं. आजोबांची ताकीद ठरलेली असे: पाणी फेकायचं नाही, ओतायचं. फेकलेलं पाणी आरपार जाऊन ओसरी ओली करतं; वरच्या कडेनं हळू ओतलेलं मुळांमुळांतून झिरपत खाली येतं. मग बाहेरची झळ त्या ताटीला धडकायची आणि आत येताना गार, सुगंधी होऊन यायची. पलीकडच्या गल्लीत डांबर वितळत असताना आम्ही ओसरीवर सतरंजी टाकून पत्ते खेळत असू.

इंग्रजांच्या अमदानीत मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाई. साहेब गेले, कचेऱ्या गेल्या. मागे राहिलेल्या शहरानं ताट्या भिजवून दिवस काढले. या शहराला ऊन नवं नाही, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. उन्हाळ्याची तयारी हे इथल्या घरात एक काम होतं, पापड-सरगुंड्यांच्या वाळवणाइतकंच ठरलेलं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातलं काहीतरी येई, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजीकडे रांजण. वाड्याच्या दाराबाहेर कडुनिंबाखाली एक रांजण असे, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. सकाळी तो आधी भरायचा, मग घरातले माठ. आईकडे कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर आणि आंबील. काकांकडे संध्याकाळी अंगणात सडा मारून बाजा टाकणं. बाहेर पडणाऱ्याच्या डोक्याला दुपट्टा बांधलाय की नाही, हे दारातच पाहिलं जाई.

पुढे कूलर आला. ओळखीच्या वेल्डरनं जीआय पत्र्याचा बनवून दिला. तीन बाजूंना ताट्या, पोटात पाण्याची टाकी, एक टुल्लू पंप आणि समोर दणदणीत पंखा. ताटीत वाळ्याऐवजी लाकडाचे बारीक कुरळे तंतू आले. बाजारात त्याला सरळ गवतच म्हणतात. आजोबांची ताटी वाऱ्याची वाट पाहायची, ही वारा ओढून आणते, एवढाच फरक. तत्त्व तेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ०.६७ युनिट उष्णता पिऊन टाकतं, म्हणजे हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटांत जेवढी देईल तेवढी. त्यामुळे बाहेर ४५ अंश आणि हवा खणखणीत कोरडी असेल, तर चांगल्या भिजलेल्या ताटीतून अठ्ठावीस-तीस अंशांची झुळूक येऊ शकते. घामाचंही हेच. विदर्भातल्या उन्हात माणूस तगतो तो घाम वाळतो म्हणून, आणि घाम तयार व्हायला पोटात पाणी असतं म्हणून.

लग्नानंतर काही वर्षं ठाण्यात काढली, तेव्हा या गणिताची दुसरी बाजू कळली. तिथे पारा छत्तीसच्या पुढे क्वचित जायचा आणि तरी जीव नकोसा व्हायचा. दमट हवेत पाणी विरतच नाही. ताटी भिजून नुसती टपटपते आणि घाम कपाळावरून ओघळत राहतो. नागपुरातही जूनमध्ये पहिले ढग आले की कूलर असाच चिकट वारा फेकू लागतो. लोक म्हणतात, "आता कूलर काम नाही करत." कूलर तोच असतो, हवा बदललेली असते. मग पाणी बंद करायचं, खिडक्या सताड उघडायच्या आणि टाकी रिकामी करून कोरडी पुसायची, नाहीतर तिच्यात डेंग्यूचे डास होतात.

आईचं वय झालं तसे आम्ही नागपूरला परतलो, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा होता. मला त्या दिवसांत रात्रीची जास्त धास्ती वाटे. वाड्याच्या मातीच्या भिंती आणि कौलं सूर्य मावळला की निवत. आम्ही तर अंगणातच असू. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत ओकत राहतो. शरीराला दिवसाचा ताप उतरवायला रात्र हवी असते. ती मिळाली नाही की चौथ्या-पाचव्या दिवशी म्हातारं माणूस अचानक खचतं. आईला तहान लागायचीच नाही. म्हातारपणी ती जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यात तिच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी एक होती. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता तिचा डोस बदलून दिला. ही विचारपूस मार्चमध्येच करावी असं माझं ठाम मत झालं आहे. घरात सगळ्यांना पाठ असायला हव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत. ऊन लागलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं लागलं, तर आधी त्याच्या अंगावर पाणी घालायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पन्हं ओतायचं नाही. कांद्याचा रस मागाहून.

कूलरची एक गोष्ट मी कुणाच्याही घरी गेले तरी विचारते: अर्थिंग आहे का? लोखंडी पेटी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. कूलरच्या शॉकनं लहान मुलं, बायका गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायची, हा नियम आमच्याकडे देवाजवळ दिवा लावण्याइतका पाळला जातो. बोर्डात गळती पकडून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विचही बसवून घेतला. ताट्यांच्या मानानं तो महाग वाटतो. वाटू दे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी टिनाच्या घरात राहतात. एका मे महिन्यात त्यांचे डोळे सतत लाल दिसायचे. विचारलं तर म्हणाल्या, "टिन रातभर तापलेलंच राहते ताई. पोट्टे भायेर झोपतात. मी कुठं झोपू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेधशाळेचं तापमान पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत मोजतात. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर होते ती त्या पेटीतल्या आकड्यावरून: पारा चाळिशी ओलांडून सरासरीच्या साडेचार अंश वर गेला किंवा सरळ ४५वर पोहोचला की. त्या पेटीला पांढरा रंग दिलेला असतो तो ऊन परतवण्यासाठी. मावशींच्या घराला तेवढंही नव्हतं.

आम्ही चुना रात्रभर भिजवला, फडक्यातून गाळला, त्यात फेविकॉल घातलं आणि सकाळी सहा वाजता त्यांच्या मुलानं टिनावर दोन हात मारले. आत छताखाली बांबूच्या चटया बांधल्या. दुपारी आत जाऊन मी टिनाच्या खालच्या बाजूला हात लावला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. मावशींनी दोनदा लावून पाहिला. तेलंगणानं २०२३मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच केलं. अहमदाबादेत मे २०१०च्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावल्याचं अभ्यासातून पुढे आलं आणि २०१३मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला; पुढे नागपूरनंही केला. आराखडे हवेतच. पण टिनावर कोण चढणार, चुना कुणाच्या पैशाचा आणि रांजण सकाळी कोण भरणार, हे गल्लीतच ठरतं. ज्याच्या घरी एसी आहे त्यानं हे ठरवण्यात जास्त पुढाकार घ्यावा, कारण एसीचं बाहेरचं यंत्र आपली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडेच सोडत असतं.

यंदा आमच्या इमारतीच्या बैठकीत तीन कामं मंजूर झाली. संपूर्ण गच्चीला चुना, वॉचमनच्या केबिनला कूलर आणि फाटकाबाहेर झाकणाचा, तोटीचा रांजण. केबिनच्या कूलरला वाळ्याच्याच ताट्या घालायच्या, असा हट्ट मी धरला. गवतापेक्षा त्या महाग पडतात, म्हणून त्यांचे पैसे आम्ही दिले. इतवारीत जाऊन जुडी मीच हुंगून आणली. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियननं रविवार दिला आहे, सकाळी आठचा, त्याला नऊच्या आत गच्चीवरून उतरायचं असतं म्हणून.