ताई, रात्रपाळी मला दे

प्रिय ताई,

हे पत्र मासिकाला द्यायचं का, असं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "नावं गाळ आणि दे. त्या मजल्यावर मी एकटीच आई नाहीये." तुला ते आज व्हॉट्सअॅपवर पोचेल, छापून यायचं तेव्हा येईल. नाव-गाव गाळलंय. लेकीला इथे चिऊच म्हणते.

मागणं एकच आहे. रात्रपाळी मला दे.

मुलगी लहान आहे म्हणून हॉस्पिटलात तिच्याजवळ आईलाच राहावं लागतं, असं तू धरून बसली आहेस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तसं म्हणत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल केलं, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आपल्याकडे आईवडील, किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण मुक्कामभर त्याच्याजवळ हवं. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर जवळ बाईमाणूस हवं. म्हणजे वाट कायद्यानेच ठेवली आहे. डॉक्टरांशी बोल, सिस्टरांकडे माझं नाव लिहून दे, सही कर. बसल्या बसल्या डुलक्या काढणारी आई चिऊच्या काही कामाची नाही. हे मी कठोरपणे लिहितेय, कारण गोड बोलून तू ऐकत नाहीस.

परवा तू बाकावर बसून तिच्या सलवारींच्या नाड्या ओढून काढत होतीस. इलास्टिकच्या टोकाला सेफ्टीपिन लावून एकेक चुणी पुढे सरकवत होतीस. ओढण्या घडी करून माझ्या पिशवीत टाकल्यास. चार्जरची वायर, काचेची बाटली, सगळं परत. शेवटची सलवार झाल्यावर ती सेफ्टीपिनही आठवणीने पर्समध्ये ठेवलीस आणि म्हणालीस, "पोरीला तुरुंगात टाकलंय का गं मी?" नाही, ताई. जीव द्यावासा वाटण्याची ती ओढ बहुतेक वेळा एकसारखी राहत नाही. चढते, तशी ओसरतेही. चढलेल्या घटकेला हाताशी साधन नसलं तर ती घटका टळू शकते. त्या घटकेसाठी ही सगळी झडती आहे.

आणि "माझं काय चुकलं?" हे विचारणं थांबव, निदान नातेवाइकांना तरी. उत्तरं द्यायला सगळे तयारच असतात. लाडावून ठेवली, मोबाईल हातात दिला, तू नोकरी सोडायला हवी होतीस, बाहेरचं काही आहे का बघून घ्या. शिकलेली माणसंही यात मागे नव्हती. १९४८ साली अमेरिकेत फ्रिडा फ्रॉम-राइशमान या नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं, आणि पुढे कितीतरी वर्षं आया डॉक्टरांसमोर आरोपीसारख्या बसत राहिल्या. संशोधनात ते टिकलं नाही. चिऊचा आजार वेगळा, नैराश्याचा. त्यातही आनुवंशिकता, वय, घडून गेलेले प्रसंग असं बरंच काही एकत्र येतं. डॉक्टर घरातलं खोदून विचारतील, ते सांग. ती चौकशी उपचारासाठी आहे.

भावोजींची बायपास झाली तेव्हाचे दिवस आठव. स्वयंपाक करायची वेळच आली नाही तुझ्यावर, कोणी ना कोणी डबा घेऊन उभंच. आता चिऊ 'टायफॉइडसाठी पुण्याला' आहे, म्हणून डबाही नाही आणि फोनही नाही. गावभर सांग असं मी म्हणत नाही. सांगायचं की नाही, हे शेवटी चिऊनेही ठरवायचं आहे. पण पोटात ठेवतील अशी दोन-तीन माणसं तिला विचारून निवड. धाकट्याला मात्र खरं सांगायलाच हवं. त्याने त्या रात्री अॅम्ब्युलन्स पाहिली आहे, आणि आपण त्याला दीदी परीक्षेला गेली म्हणून सांगतो. दीदीला आजार झालाय, डॉक्टर बघतायत आणि तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही, एवढं त्याला पुरेल. शेवटचं वाक्य गाळू नकोस. मुलं भलतंच स्वतःवर घेतात.

भावोजी खाली बिलाच्या खिडकीपाशी घुटमळत असतात. त्यांना पॉलिसी शोधायला सांग. शारीरिक आजारांना लागू असतं त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा, असं याच कायद्याचं २१ वं कलम सांगतं. कंपनी नाही म्हणाली तर नकार लेखी मागा. काम हाती आलं की तेही जरा सावरतील.

माझ्या दिराच्या आजारपणात मला कशाने तारलं, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ चा 'देवराई' सिनेमा निघाला तोही त्यांच्याच पुढाकाराने. त्या असोसिएशनच्या स्वमदत गटात आमच्यासारख्या काळजीवाहूंना शुभंकर म्हणतात. एकदा एक बाई म्हणाल्या, "आज ह्यांनी आपणहून आंघोळ केली." खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर ही बातमी कुणाला सांगणार? आणखी कुणाला समजणार? तुलाही असे लोक लागतील. चिऊचं निदान वेगळं असलं तरी कुठे जायचं ते आपण विचारू.

कारण घरी सोडलं की संपलं, असं नाही. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे सगळ्यात जपायचे असतात, आणि नेमके तेव्हाच लोक म्हणतात, झाली की बरी. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. गोळ्या तुझ्या कुलपात ठेव. फवारणीची औषधं घरात नकोतच, ती आधीच हलवायला सांग. रात्री-अपरात्री घाबरलीस तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. तो तुझ्यासाठीही आहे, फक्त चिऊसाठी नाही.

गुरुवारी संध्याकाळी सातला मी येते. मुगाची खिचडी आणि कढी आणते, चमचा प्लास्टिकचाच. चिऊशी मी फार बोलणार नाही. तिला वाटलं तर पत्ते खेळू. तू आणि भावोजी माझ्या घरी जा. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर. सकाळी नऊच्या आत परत यायचं नाही. काही लागलं तर फोन मी करीन.

तुझी,
धाकटी