पुडीतली बाग

वडिलांची नोकरी बदलीची. सरकारी क्वार्टर मिळायचं आणि अंगवळणी पडेपर्यंत सोडायची वेळ यायची. आधीच्या बिऱ्हाडाची जास्वंद आम्ही खुडायची आणि आईने वाढवलेला कढीपत्ता पुढच्या साहेबांच्या फोडणीत जायचा. त्यावरून आईने हिशेब पक्का केला: जे ट्रकमध्ये चढत नाही ते लावायचं नाही. मग तिच्या वाट्याला उरली वर्षभरात आपला कारभार आटपणारी फुलं. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, आणि सगळ्यांत लाडका तेरडा.

लाडका, कारण आमच्या गौरी तेरड्याच्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर मुळांसकट उपटलेली रोपं घरात यायची आणि मूळ नक्षत्रावर निरोप घ्यायची. चिपळूणला तेरडा बांधाबांधावर माजलेला असायचा, हात घालावा आणि उपटावा. नंदुरबारला मात्र आईची पुडी कामी आली. मृग लागला की ती कुंपणाच्या कडेने बी टाकायची आणि पावसाने दडी मारली तर तांदळाचं धुवण घालायची. जून संपेपर्यंत तिचा जीव टांगणीला. दोन-अडीच महिन्यांत फुलं यायला हवीत, गौरी काही थांबणार नाहीत!

बी गोळा करणं हे माझं काम. तेरड्याचं बोंड पिकलं तरी हिरवटच दिसतं, फक्त टम्म फुगतं आणि किंचित निवळतं. त्याच्या फाकींमध्ये ताण भरलेला असतो. बोट लागलं की पाचही फाकी फटकन आत वळतात आणि तपकिरी दाणे अंगणभर. म्हणून आधी बोंड मुठीत घ्यायचं, मग दाबायचं. बंद मुठीत त्या फाकी अळीसारख्या वळवळतात. धाकट्या बहिणीला त्याची इतकी शिसारी यायची की तिच्या मुठीत मी मुद्दाम बोंड द्यायचो. सावलीत वाळलेलं बी वर्तमानपत्राच्या पुडीत, पुडी चुलीच्या राखेसकट डब्यात, डबा भांड्यांच्या पोत्यात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्याने एकच फूल पाहिलं असावं. फूल गळतं खरं, पण त्याच दांड्यावर वरच्या पेरात दुसरं तयार असतं आणि झाड श्रावण-भाद्रपद खेचून नेतं. साताऱ्याला असताना कासच्या पठारावर त्याचे रानातले भाऊबंद पाहिले, गुलाबी-जांभळे, नजर पोचेल तिथवर. तेव्हा तिथे चिटपाखरू नसायचं. २०१२ साली पठार जागतिक वारसा यादीत गेलं. आता तिकीट काढून जावं लागतं.

पुण्यात स्वतःचं घर झालं, गच्ची मिळाली. माळी म्हणतो, ड्रममध्ये चाफा लावा, एकदा लावला की बघायला नको. बघायला नको असेल तर लावायचा कशाला? नर्सरीतला चेंडूएवढा संकरित झेंडू एकदा आणला होता, दिसायला देखणा. पण त्याच्या बियांतून पुढच्या साली एकाला एक न जुळणारी झाडं आली. संकरिताचं तसंच असतं, दर वर्षी बी विकत घ्या. माझ्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत तेरडाच असतो. पाणी तुंबलं की त्याचा रसदार दांडा कुजतो, म्हणून डब्यांना बुडाशी भोकं, बाकी लाड नाहीत.

मुलगी बंगळुरूला भाड्याच्या घरात असते. तिने यंदा बी मागवलं, गुलाबी आणि पांढरं वेगवेगळं. वेगवेगळं आमच्याकडे कधीच नव्हतं. सरमिसळ पुडी कुरिअरने पाठवली. घरमालकाने भिंतीला खिळा मारायला मनाई केली आहे, पण कुंड्यांबद्दल करारात अवाक्षर नाही, हे तिने आधीच वाचून ठेवलं आहे.