गरम गाडीचे दुखणे

आमच्या घरात तिला ओम्नी असे कोणी म्हणत नसे, नुसती 'व्हॅन'. १९८४ साली बाजारात आलेल्या या मारुती गाडीचे उत्पादन २०१९ साली थांबले. मधल्या पस्तीस वर्षांत तिने आपल्याकडे काय काय वाहिले! मासळीच्या टोपल्या, चतुर्थीचा गणपती, शाळेची मुले, आजारी माणसे...

ही गोष्ट मे २००६ मधली. आमची व्हॅन तेव्हा दहा वर्षांची होती. आईची धाकटी बहीण मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला, राजपुरा भागात राहायची. काका गेल्यावर ती एकटी पडली आणि त्यात अंथरुणाला खिळली. तिला कायमचे गोव्याला आणायचे ठरले. रेल्वेने बसून येणे तिला शक्य नव्हते. व्हॅनची मागची सीट दुमडली की गादी घालून माणसाला झोपवता येते, म्हणून मी आणि आई व्हॅन घेऊन निघालो.

पण गाडीला एक खोड लागली होती. तासभर चालली, इंजिन तापले की गपकन बंद पडायची. वीस मिनिटे सावलीत उभी केली की काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. निघण्यापूर्वी आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून झाला, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉइलही नवी घातली. तरीही चोर्ला घाटात ती थांबलीच. "गाडयेक तान लागल्या," आई म्हणाली आणि तिने पाण्याची बाटली पुढे केली. पण रेडिएटर भरलेला होता आणि तापमानाचा काटाही जागच्या जागी होता. पुणे, जळगाव, भुसावळ असे थांबत थांबत आम्ही तिसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरला पोचलो.

मावशीला पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. येताना आम्ही धडधाकट होतो, रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. पण हिला घेऊन त्या खानदेशच्या उन्हात गाडी बंद पडली तर?

शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवले. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा. मी सकाळी सकाळी गाडी नेऊन उभी केली. त्यांनी बॉनेट उघडले नाही, सीटही उचलली नाही. नुसते विचारत राहिले. किती वेळाने बंद पडते? झटके देत देत की एकदम? काटा वर जातो का? किती वेळाने सुरू होते? अगदी जुन्या वैद्यासारखे! मग म्हणाले, "आता काय बघू भाऊ? थंडी गाडी खोटं बोलते. दुपारी या."

दुपारी एक वाजता पिशवी आणि ओला टॉवेल घेऊन ते माझ्या शेजारी बसले. आम्ही असीरगडाच्या रस्त्याला लागलो. किल्ला वीसेक किलोमीटरवर. तिथवर जाऊन परत फिरलो आणि वाटेत गाडीने मान टाकली. आजवर ती बंद पडली की मला धडकी भरायची. चाचांचा चेहरा मात्र खुलला.

या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यांनी झटपट सीट उचलली, डिस्ट्रिब्युटरची मधली जाड वायर काढली, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले आणि मला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नाही! म्हणजे पेट्रोल निर्दोष. उन्हात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, तीच शंका मला होती. पण तसे असते तर ठिणगी पडली असती.

पिशवीतून त्यांनी एक जुनी, पण खात्रीची कॉइल काढली आणि दोन वायरी तिला जोडल्या. इंजिन तसेच तापलेले होते. सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. ओला टॉवेल लागलाच नाही. "टॉवेलनेही सुरू झाली असती," ते म्हणाले, "पण मग टॉवेलने झाली की थांबल्याने, हे कसं कळणार?"

परत येताना त्यांनी समजावले. कॉइलमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. बॅटरीचे बारा व्होल्ट तिथे हजारो व्होल्ट होतात, तेव्हा कुठे प्लगला ठिणगी मिळते. तार आत कुठे तुटत आलेली असली तर तापल्यावर प्रसरण पावून सांधा सुटतो, निवल्यावर पुन्हा टेकतो. आणि आमची बिघडलेली कॉइल कोणती? तीच, निघण्यापूर्वी घातलेली 'नवी'! जुनी बाद झाली म्हणून घातली, ती नकली निघाली. नवा भाग म्हणून कोणी तिच्यावर संशयच घेतला नव्हता. मीसुद्धा नाही.

बाजारातून चांगली कॉइल आणून बसवली. चाचांनी मजुरी पुरी घेतली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी दीड तास गाडी चालवायला लावून मगच जायची परवानगी दिली.

त्या संध्याकाळी आईला घेऊन कुंडी भंडारा पाहायला गेलो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराला दिले गेले. वर ओळीने कुंड्या आहेत, त्यांतून हवा जाते आणि आत उतरून सफाई करता येते. पाणी दिसत नाही, पण ते कुठे अडले ते पाहायला जागा ठेवलेली आहे. मला चाचांचे प्रश्न आठवले.

परतीला आम्ही रात्रीचाच प्रवास केला. व्हॅन एकदाही थांबली नाही. मावशी आमच्याकडे तीन वर्षे जगली. "दुखतं का गो?" असे आई सकाळी विचारायची आणि ती नेहमी "नाही" म्हणायची. नंतर नंतर आई हा प्रश्न सकाळी विचारीनाशी झाली. रात्री, दुखणे वर यायच्या वेळी, ती तिच्या उशाशी जाऊन बसायची.